वीस कोटी सेल आणि एक मोठं गिऱ्हाईक

जर्मनीतल्या एका कंपनीनं ठरवलं, २०२१पर्यंत वर्षाला २० कोटी लिथियम-आयन सेल बनवता येतील एवढी क्षमता उभी करायची. आकडा ऐकला की एखादं अवाढव्य औद्योगिक शहरच डोळ्यांसमोर येतं. आता जरा हिशेब करू. यातला साधारण एक सेल ६० मिलिअँपिअर-तासांचा, दाब ३.७ व्होल्ट. गुणाकार केला की येतात ०.२२ वॅट-तास. आपल्या वीजबिलावर जे ‘युनिट’ असतं, तेवढी वीज साठवायला असे साडेचार हजार सेल लागतील. आणि २० कोटी सेलांची सगळी बेरीज? सुमारे ४४ हजार युनिट. ४५ युनिटांची बॅटरी असलेल्या इलेक्ट्रिक मोटारी घेतल्या, तर वर्षभराच्या त्या सगळ्या उत्पादनातून हजार मोटारीसुद्धा भरत नाहीत.

मग एवढ्याशा विजेच्या मागे सरकारं आणि गुंतवणूकदार का लागले? २०२० साली जर्मनीचं केंद्र सरकार आणि तिथली दोन राज्यं, बाडेन-व्युर्टेमबर्ग आणि बव्हेरिया, यांनी मिळून या कंपनीला नव्या पिढीच्या सेलांसाठी ३० कोटी युरोंची मदत जाहीर केली. २०१७ला साडेसतरा युरोंना विकलेला तिचा शेअर २०२१च्या जानेवारीत १८० युरोंच्या घरात पोचला. आणि २०२५च्या मार्चमध्ये जुन्या भागधारकांच्या हातात शून्य उरलं. शून्य म्हणजे शब्दशः शून्य.

कंपनीचं नाव वार्टा. ‘उत्पादनक्षमतेत गुंतवणूक’ हे शब्द हल्ली अर्थविषयक पानावर दिवसाआड दिसतात. अमुक कंपनी बॅटरीत इतके हजार कोटी घालणार, तमुक राज्यात कारखाना येणार. त्या शब्दांमागे नेमकं काय असतं, पैसा कशात जातो आणि तो कुठे अडकतो, हे समजून घ्यायला मला वार्टाइतकं चांगलं उदाहरण दुसरं दिसत नाही. सगळं उघड्यावर घडलं आहे, आणि चढ-उतार दोन्ही पाहायला मिळतात.

आधी कंपनीची ओळख. १८८७ साली आडोल्फ म्युलर यांनी हागेन या गावी शिशाच्या बॅटऱ्या बनवायला सुरुवात केली, ते हिचं मूळ. पुढे हीच कंपनी ‘आफा’ या नावानं मोठी झाली आणि क्वांट घराण्याच्या ताब्यात गेली. नंतर बीएमडब्ल्यूवर ज्यांची सत्ता आली तेच हे क्वांट. दुसऱ्या महायुद्धात हॅनोव्हरच्या कारखान्यात छळछावणीतल्या कैद्यांना राबवून पाणबुड्यांच्या बॅटऱ्या बनवल्या गेल्या. जुन्या जर्मन कंपन्यांच्या गौरवग्रंथांत हे पान बहुधा चिकटलेलं असतं, म्हणून इथे उघडून ठेवतो. शतक संपता संपता कंपनीचे तुकडे झाले. मोटारीच्या बॅटऱ्यांवर आजही वार्टा हे नाव दिसतं, पण तो धंदा २००२च्या सुमारास वेगळा विकला गेला. त्याचा या गोष्टीशी संबंध नाही. उरला तो सर्वात बारीक धंदा, म्हणजे घड्याळं, श्रवणयंत्रं आणि तत्सम उपकरणांत बसणाऱ्या सूक्ष्म बॅटऱ्या. तो २००७ साली ऑस्ट्रियाचे उद्योजक मिखाएल टोयनर यांनी घेतला.

कारखाना एल्वांगेनला. लोकवस्ती जेमतेम पंचवीस हजार, म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव. दुसरा कारखाना जवळच नॉर्डलिंगेनला. हे गाव उल्कापातानं पडलेल्या खड्ड्यात वसलेलं आहे. आपलं लोणारचं विवर सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंद. नॉर्डलिंगेनचं जवळपास चोवीस किलोमीटर, त्यामुळे आत उभं राहिलं तरी आपण खड्ड्यात आहोत हे कळत नाही. (हे वाक्य पुढे आठवेल.)

छोटं करणं महाग का पडतं

आजोबांच्या श्रवणयंत्रातली बॅटरी ज्यांनी कधी बदलली असेल त्यांना ठाऊक असेल, मसुराच्या दाण्याहून थोडीशी मोठी असते. ती सहसा जस्त आणि हवेवर चालते आणि एकदा संपली की फेकायची. वार्टा या प्रकारात जगातल्या आघाडीच्या कंपन्यांपैकी एक होती. अशा बॅटरीसाठी पोलादाची इवलीशी वाटी ठोकून काढावी लागते, कोटींच्या संख्येनं, आणि प्रत्येक वाटी हुबेहूब सारखी. हे कसब त्यांच्याकडे पिढ्यांचं होतं.

२०१५ नंतर कानात घालायचे वायरविरहित इअरबड आले. त्यांना लागणारी बॅटरी छोटी हवी, रोज चार्ज होणारी हवी आणि कानात घालायची असल्यानं अजिबात न भडकणारी हवी. लिथियम-आयन तंत्रज्ञान तर होतंच, फोनमध्ये होतं, मोटारीत होतं. पण मोठी बॅटरी छोटी करणं म्हणजे फोटो बारीक करण्यासारखं नसतं.

साधं गणित पाहा. १२ मिलिमीटर व्यासाच्या गोल सेलात पोलादी भिंतीची जाडी केवळ एक दशांश मिलिमीटरनं वाढली, तरी आतली तीन टक्क्यांहून जास्त जागा जाते. मोटारीच्या सेलात तेवढ्या जाडीकडे कोणी ढुंकूनही पाहणार नाही. इथे मात्र तीन टक्के जागा म्हणजे गाणी ऐकण्याची काही मिनिटं, आणि ती मिनिटं खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेली असतात. जितकं छोटं करावं तितका डब्याचा वाटा वाढतो आणि मालाचा घटतो. चहाची पूड किलोनं घेतली तर पिशवीचा खर्च जाणवत नाही, पाच रुपयांच्या पुडीत मात्र कागदच बोलतो, तसं.

वार्टानं केलं ते असं. जुन्या नाण्याच्या आकाराच्या सेलात चकत्या एकावर एक रचलेल्या असायच्या. यांनी चकत्यांऐवजी लांब पट्ट्यांची गुंडाळी केली आणि ती गोल वाटीत उभी बसवली. गुंडाळीत पृष्ठभाग जास्त मिळतो, म्हणून सेल झटपट चार्ज होतो. वर दुसरी वाटी उपडी दाबून घट्ट बसवली. काठ दुमडण्यात जाणारी जागाही वाचवली. या रचनेवर पेटंटं घेतली, आणि तशाच रचनेचे सेल असलेल्या मालावर अमेरिकेच्या कोर्टांत दावेही लावले. ‘कॉइनपॉवर’ हे त्या सेलांचं नाव. २०१९च्या ऑक्टोबरात अ‍ॅपलचे एअरपॉड्स प्रो बाजारात आले, तेव्हा ते फोडून पाहणाऱ्यांना आत वार्टाचा गोल सेल सापडला.

पैसा नेमका कुठे जातो

आता कारखान्यात शिरू. लिथियम-आयन सेल बनवण्याची रीत ऐकली की मला आपलं स्वयंपाकघरच आठवतं, त्याला इलाज नाही.

सुरुवात लेपापासून. एका बाजूला लिथियम, निकेल, कोबाल्ट यांच्या ऑक्साइडची काळी पूड, दुसऱ्या बाजूला ग्रॅफाइट. दोन्ही चिकट द्रावणात घोटून त्यांचं सरबरीत पीठ करतात. ऑक्साइडचा लेप अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर, ग्रॅफाइटचा तांब्याच्या पत्र्यावर. कोकणात आंब्याची साठं घालतात तेव्हा रस ताटभर सारखा पसरावा लागतो. एका बाजूला जाड झाला तर तिथे आत ओला राहतो आणि दुसऱ्या बाजूला पापुद्रा होऊन तडकतो. इथेही तेच. फक्त साठं केसाहून थोडं जाड, लांबी शेकडो मीटर, आणि जाडीतला फरक काही मायक्रॉनांच्या पलीकडे चालत नाही. मग वाळवायचं, पोलादी रुळांखाली दाबायचं, फिती कापायच्या.

नंतर गुंडाळणं. अ‍ॅल्युमिनियमची फीत, तांब्याची फीत आणि दोघींचा एकमेकींना स्पर्श होऊ नये म्हणून मध्ये छिद्राळ प्लास्टिकचा पापुद्रा. तिन्हींची सुरळीच्या वडीसारखी गुंडाळी. वडी जरा तिरकी गुंडाळली तर ताटात वाईट दिसते एवढंच. सेल तिरका गुंडाळला तर दोन धातूंची गाठ पडते आणि आग लागते.

आणि इथून पुढचा सर्वात खर्चिक भाग म्हणजे कोरडी हवा. सेलात जे द्रव भरतात, त्यातल्या लिथियमच्या क्षाराला पाण्याचं वावडं असतं. पाण्याचा अंश लागला की त्यातून हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार होतं आणि ते सेलाला आतून खाऊ लागतं. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घातल्यावर आई का ओरडायची ते आठवा. म्हणून द्रव भरण्याचं काम ज्या खोलीत चालतं, तिथली हवा उणे ४० अंश दवबिंदूच्या आसपास किंवा त्याहूनही कोरडी ठेवतात. अर्थ असा की ती हवा उणे ४० अंशांपर्यंत गार केली तरी तिच्यातून दव सुटणार नाही, इतकी ती सुकलेली. माणसाच्या श्वासातून, घामातून ओल येते, त्यामुळे आत माणसंसुद्धा मोजकीच सोडतात. ही हवा रात्रंदिवस सुकवत राहावं लागतं. सेल निघोत न निघोत, विजेचं मीटर फिरत राहतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, २०२२ सालात आपल्याला लागेल.

सेल बंद केला तरी तो लगेच विकता येत नाही. त्याला पहिल्यांदा अगदी सावकाश चार्ज करावं लागतं. या पहिल्या फेरीत ग्रॅफाइटवर एक पातळ थर धरतो. पुढे तोच थर ग्रॅफाइटचं आणि द्रवाचं आपसातलं भांडण थांबवतो. नवा बिडाचा तवा आधी तेल लावून, तापवून मुरवतात आणि मगच त्यावर घावन सुटतात, तसं. घाईनं केलेला तवा आयुष्यभर चिकटतो. सेलाचंही आयुष्य इथेच ठरतं. त्यानंतर सेल काही दिवस ते काही आठवडे नुसते ठेवून द्यायचे आणि कोणाचा दाब आपोआप घसरतो ते पाहायचं. म्हणजे कारखान्याचा मोठा भाग प्रत्यक्षात गोदाम असतो. हजारो खाचांचं, प्रत्येक खाचेला वायर जोडलेलं. कच्च्या मालाचे पैसे दिलेले असतात, विक्रीचे यायचे असतात, आणि माल नुसता पडून असतो. धंद्यात खेळतं भांडवल कुठे गडप होतं याचं हे ठिकाण.

एवढ्यावर भागत नाही. समजा, एकूण वीस टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्यावर शंभरातले नव्याण्णव सेल चांगले निघतात. ऐकायला झकास वाटतं. पण वीस वेळा गुणलं की हातात शंभरातले ८२च राहतात. लाख सेल सुरू केले तर १८ हजार भंगारात, तेही निकेल-कोबाल्टसकट. म्हणून नवी यंत्रसामग्री आणली आणि बटण दाबलं की क्षमता मिळाली, असं होत नाही. सुरुवातीचे महिने, कधी कधी वर्षसुद्धा, भंगार कमी करण्यात जातं. कागदावरची क्षमता आणि दारातून बाहेर पडणारा चांगला माल यांत जो फरक असतो, त्याला या धंद्यातले लोक सर्वात जास्त घाबरतात. बातमीत तो फरक नसतो.

तर ‘क्षमतेत गुंतवणूक’ म्हणजे एक शेड आणि काही यंत्रं नव्हे. कोरडी हवा, वाट पाहणारी गोदामं, महिनोन्‌महिने भंगारात जाणारा माल आणि हे सगळं जमवून आणणारी अनुभवी माणसं, या सगळ्यांना आगाऊ दिलेले पैसे. आणि हे पैसे एका विशिष्ट मापासाठी दिलेले असतात. १२ मिलिमीटरच्या गोल सेलासाठी बसवलेली गुंडाळणीची यंत्रं उद्या उठून मोटारीचा सेल गुंडाळत नाहीत.

गाळप क्षमता आणि ऊस

२०१७च्या ऑक्टोबरात वार्टा फ्रँकफर्टच्या शेअर बाजारात आली ती याच कामाला पैसा उभा करायला. मग एकामागून एक घोषणा झाल्या. आधी वर्षाला दहा कोटी सेल, मग पंधरा, मग वीस. दर वेळी गिऱ्हाइकांची मागणी क्षमतेच्या पुढे धावत होती आणि कंपनी तिच्या मागे. २०१८ला विक्री २७ कोटी युरो होती, २०१९ला ३६ कोटी. २०२०ला घरगुती पेन्सिल सेलांचा जुना धंदा परत विकत घेऊन ताळेबंदात जोडला, त्यामुळे आकडा एकदम ८७ कोटींवर गेला. २०२१ला ९० कोटी. २०२१च्या जानेवारीत तर बाजारात वेगळंच नाट्य झालं. शेअर पडेल यावर पैज लावणाऱ्या मेल्विन कॅपिटल या अमेरिकी फंडाची गेमस्टॉपच्या प्रकरणात कोंडी झाली (या अमेरिकी दुकानसाखळीचा शेअर छोट्या गुंतवणूकदारांनी मिळून चढवला होता). या फंडाची पैज वार्टावरही होती. अशी पैज मोडायची तर शेअर परत विकत घ्यावे लागतात, तेव्हा हाही शेअर उसळला. त्या उसळीचा सेल बनवण्याशी काही संबंध नव्हता. पण वर चढलेला आकडा पाहून आत शिरलेले लोक खरे होते.

आता आपल्याकडे या. साखर कारखान्याच्या वार्षिक सभेला जो कधी बसला आहे, त्याला पुढचं समजावून सांगायला नको. चार वर्षं ऊस उदंड येतो, शिल्लक राहतो, शेतकरी ओरडतात. मग गाळप क्षमता वाढवण्याचा ठराव होतो, कर्ज निघतं, नवे रोलर, नवा बॉयलर येतो. आणि ज्या हंगामात नवी क्षमता चालू होते, नेमका त्याच हंगामात पाऊस दगा देतो. कारखाना आहे, कर्ज आहे, कामगार आहेत, ऊस नाही. बॉयलर मात्र पेटवावाच लागतो.

वार्टाचा ऊस म्हणजे गिऱ्हाईक. त्यातही एक गिऱ्हाईक इतकं मोठं की त्यानं कुस बदलली तरी एल्वांगेन हलावं. कंपनी त्याचं नाव घेत नसे. असल्या करारांत घ्यायची मुभाही नसते. पण बाजाराला ठाऊक होतं, ते अ‍ॅपल. आणि एवढा मोठा खरेदीदार एकाच पुरवठादाराच्या हातात मान देत नाही. तो दुसरा शोधतो, तिसरा तयार करतो, भावात खेचाखेच करतो. आशियातल्या कंपन्यांनी मधल्या काळात तेच गोल सेल बनवायला सुरुवात केली होती.

२०२२ साल उजाडलं ते युक्रेनवरच्या हल्ल्याचं. जर्मनीत वायू आणि वीज महागली. आठवतात त्या कोरड्या खोल्या? सेल कमी बनवले म्हणून त्यांचं बिल कमी येत नाही. कच्चा माल महागला. मोठ्या गिऱ्हाइकाची मागणी अपेक्षेइतकी आली नाही. सप्टेंबरमध्ये कंपनीनं वर्षाचा अंदाज मागे घेतला आणि मुख्याधिकारी हेर्बर्ट शाइन पायउतार झाले.

त्या वर्षाचे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. विक्री ९० कोटी ३० लाख युरोंवरून ८० कोटी ७० लाखांवर आली. म्हणजे साधारण अकरा टक्के घट. कोणी म्हणेल, धंद्यात चालायचंच. पण व्याज, कर आणि घसारा धरण्याआधीचा समायोजित नफा २८ कोटींवरून सुमारे ७ कोटींवर आला. अकरा टक्के विक्री गेली आणि तीन चतुर्थांश नफा गेला. क्षमता म्हणजे काय ते या दोन ओळींत दिसतं. यंत्रं भरून चालतात तेव्हा प्रत्येक जास्तीचा सेल जवळजवळ निव्वळ नफा वाटतो, कारण बाकीचा खर्च आधीच झालेला असतो. यंत्रं अर्धी रिकामी चालली की तोच झालेला खर्च उरलेल्या सेलांच्या डोक्यावर बसतो. नफ्याच्या काळात जे वाढत्या क्षमतेचं कौतुक करतात, त्यांना ही दुसरी बाजू दिसत असूनही दिसत नाही. चोवीस किलोमीटरच्या विवरात उभं राहिल्यासारखं.

मला इथे एक गोष्ट खटकते. पुष्कळ विश्लेषकांनी नंतर लिहिलं की वार्टानं एका गिऱ्हाइकावर विसंबायलाच नको होतं. हे सांगणं सोपं आहे. विशेष प्रकारचा सेल बनवणाऱ्याकडे गिऱ्हाइकं असतातच किती? साध्या पेन्सिल सेलाला घराघरांत गिऱ्हाईक असतं, म्हणून त्यात भाव मिळत नाही. इअरबडच्या सेलाला भाव मिळतो, कारण तो कोणा एका उपकरणाच्या मापानं शिवलेला असतो. शिंप्यानं एकाच नवरदेवाचा सूट शिवावा आणि मग कोणी त्याला विचारावं की तू दुसरा नवरदेव का नाही पाहून ठेवलास, त्यातलं हे. वेगळेपणातून मिळणारा भाव आणि एकाच माणसावर लटकणं ही एकाच कपड्याची दोन टोकं आहेत. चूक झाली असेल तर ती वेगात झाली, आणि वेग कर्जावर चालला यात झाली.

शिवाय कंपनीनं त्या वर्षांत दुसरं दार उघडायचा प्रयत्नही केला होता. २१ मिलिमीटर व्यास, ७० मिलिमीटर उंची, असा मोठा सेल: व्ही-फोर-ड्राइव्ह. मोटारीला ढकलायला लागणारी ताकद क्षणात देणारा आणि तितक्याच झटपट परत घेणारा. पण त्यालाही वेगळी यंत्रं, वेगळी खोली, वेगळं भंगार, आणि गिऱ्हाइकं अपेक्षेहून सावकाश येणारी. एका बाजूचा खड्डा भरायला दुसऱ्या बाजूला खणणं सुरू झालं.

पुढचं पटकन सांगतो. २०२३ला बँकांशी तडजोड झाली, जगभरातल्या सुमारे ८०० नोकऱ्या कमी करायचं ठरलं. २०२४च्या १२ फेब्रुवारीला सायबर हल्ला झाला, पाच कारखान्यांतलं उत्पादन बंद पडलं आणि ताळेबंद रखडला. जुलैत कंपनीनं स्टारुग या कायद्याखाली पुनर्रचनेचा अर्ज करणार असल्याचं जाहीर केलं. हा कायदा जर्मनीत २०२१च्या पहिल्या दिवसापासून लागू आहे. दिवाळं वाजण्याआधी कंपनीला कर्जदात्यांशी हिशेब मिटवता यावा म्हणून केलेला. दुसऱ्या दिवशी शेअर कोसळला. सुमारे ४८ कोटी युरोंचं कर्ज २० कोटींच्या आसपास आणण्यात आलं, भागभांडवल शून्य करून पुन्हा नव्यानं उभारण्यात आलं, आणि त्या नव्या भांडवलात फक्त दोघांना जागा मिळाली: टोयनर आणि पोर्शे. दोघांनी प्रत्येकी ३ कोटी युरोंची भर घालायची. छोट्या भागधारकांनी खूप आरडाओरडा केला, निदर्शनं केली. मिळालं काही नाही. यंत्रं तीच, कोरड्या खोल्या त्याच, कामगार बरेचसे तेच. मालकी मात्र बदलली.

भारतातल्या वाचकाला यात एक वेगळी गंमत दिसायला हवी. आपल्या केंद्र सरकारनं २०२१च्या मे महिन्यात बॅटरी सेलांसाठी १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली, लक्ष्य ५० गिगावॅट-तास. प्रत्येक बोलीदारानं किमान ५ गिगावॅट-तास उभारायचे, म्हणजे ५० लाख युनिट. वार्टाचे वर्षाचे २० कोटी सेल या मापात घातले, तर ते या किमान मर्यादेच्या एक टक्काही भरत नाहीत. गिगावॅट-तास हे मोटारीचं माप आहे. त्या मापानं श्रवणयंत्र दिसतच नाही, इअरबड दिसत नाहीत, शरीरात बसवायची उपकरणं दिसत नाहीत. योजनेत वेगळ्या, विशेष तंत्रज्ञानाच्या सेलांसाठी आणखी ५ गिगावॅट-तास राखून ठेवले होते, पण मोजणी तीच. ज्वारी मोजायच्या मापानं केशर मोजायला बसलो तर बाजारात केशर नाहीच असं वाटेल. नोएडात इअरबड जोडणारे कारखाने उभे राहिले. आतला सेल मात्र बहुतेक वेळा बाहेरून येतो.

आणि पोर्शे यात कशाला पडली? तिला व्ही-फोर-ड्राइव्हचा सेल हवा होता. २०२४च्या ९११ कॅरेरा जीटीएस या हायब्रिड मोटारीत २१६ सेलांची १.९ युनिटांची छोटीशी बॅटरी आहे, वजन २७ किलो, आणि सेल वार्टाचे. सेल बनवणारी कंपनी बुडाली असती तर मोटारीचं उत्पादन अडलं असतं. म्हणून पोर्शेनं वार्टात हिस्सा घेतला आणि मोठ्या सेलांचा विभाग आपल्या बहुमताखाली वेगळा काढला. आता त्याचं नाव व्ही-फोर-स्मार्ट. साखर कारखान्याचा सभासद ऊसही घालतो आणि मालकही असतो. इथे माल घेणाराच मालक झाला. ऊस पळून जाण्याची भीती तेवढ्यापुरती मिटली.

पण हाच मालक २०२५च्या ऑगस्टमध्ये आपल्या दुसऱ्या सेल-कंपनीत, सेलफोर्समध्ये, स्वतः मोठ्या प्रमाणावर सेल बनवण्याचा बेत सोडून मोकळा झाला. कारण दिलं ते असं, की आकड्यांत ते बसत नाही.